फुलोरा जातीची कणी

मार्गासनी,
८ एप्रिल

प्रिय जाहिदाकाकू,

तुम्हाला नमस्कार, आणि झुल्फिकारकाकांची आधीच माफी मागते. हे पत्र त्यांच्या टेम्पोतून, रिकाम्या क्रेटच्या तळाशी बसून येतंय. तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना पोरीला हे काय खूळ सुचलं? काकू, आमच्या घरात रेंज नाही. रेंज येते ती मारुतीच्या पारावर, आणि पारावर माझे सासरे बसतात. जे लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. तिथं मोबाईल काढला की शेजारी सरकतात आणि विचारतात, "कुनाला लिवतीस गं?"

तर मामंजींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बाभळीचा काटा लागला होता. जखम भरेना म्हणून भोरला डॉक्टरांकडे नेलं, तर साखर निघाली, तीही भरपूर. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि ड्रेसिंग चालू ठेवा, पण भात बंद. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, आणि जखम पुरती भरल्याशिवाय चिखलात पाय घालायचा नाही.

मामंजींनी अंगठ्याचं ऐकलंच नाही, चिखलाचं तेवढं ऐकलं. "मंजी लावनीला म्या बांधावर बसू व्हय?" आमच्याकडे लावणी इर्जिकीवर होते. आज सगळे आमच्या खाचरात, उद्या सगळे गेनबाकाकांच्या. आणि पहिली मूठ लावायचा मान मामंजींचा. बांधावर बसायचं म्हटल्यापासून त्यांचं तोंड उतरलंय.

पण भात सोडा म्हटलं की चवताळतात. "भात पिकवनाऱ्यानं भात खायाचा न्हाई, मग पिकवायचा कुनासाठी?" आसपासच्या वाड्यांतले लोक त्यांच्याकडे तांदूळ हुंगवून घ्यायला येतात. ते मूठ नाकाशी नेतात आणि जात सांगतात. असा माणूस भात सोडेल का?

आई म्हणाली, तुम्ही काकांना फ्लॉवरचा भात करून घालता. मला शिकवा. आणि मामंजींना कळता कामा नये.

तुमची,
शिवानी

---

भोर,
११ एप्रिल

शिवानी बेटा,

खूप दुआ. पत्र मिळालं, टोमॅटोचा डाग पडून मिळालं, पण वाचता आलं.

तुझ्या लग्नाच्या बोलणीत मीच सोनबाभाऊंना छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या पोरीला खोटं बोलता येत नाही. आता तुला खोटं बोलायला शिकवायचं म्हणजे माझीच जबान गेली. असो. अंगठा माझ्या जबानीपेक्षा महत्त्वाचा आहे.

नीट ऐक. फ्लॉवर घट्ट, पांढरा घ्यायचा. सध्या उन्हाळ्यात तो पिवळट येतो आणि त्यात पाहुणे असतात, म्हणून कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव. मग निथळून, फडक्यानं अगदी कोरडा पूस. किसणीच्या मोठ्या भोकांनी कीस. मिक्सर वापरू नकोस. कीस स्वच्छ पंच्यात बांधून पीळ. कढईत थोडं तूप, जिरं, आणि मोठ्या आचेवर परत. झाकण ठेवायचं नाही! झाकण ठेवलंस की वाफ धरते, लगदा होतो आणि घरभर असा वास सुटतो की शेजारीण विचारायला येते, कुणाचं पोट बिघडलं. मीठ सगळ्यात शेवटी.

वासासाठी सोबत चार हिरवी पानं पाठवलीत. माझ्या आंबवड्याच्या मैत्रिणीच्या परसातलं झाड आहे. साध्या तांदळात टाकलं तरी आंबेमोहरासारखा घमघमाट येतो. गाठ मारून तुपात टाक आणि वाढायच्या आधी काढून घे. विसरू नकोस, नाहीतर ताटात गाठ सापडेल.

आमच्या यांना मी पहिल्यांदा बिर्याणीतूनच दिला होता. अर्धं ताट संपवून म्हणाले, "मटण सापडलं, बटाटा सापडला, तांदूळ कुठं गेला?" तेव्हा तू आमटी भरपूर वाढ. आमटीखाली सगळं झाकलं जातं.

जाहिदाकाकू

---

मार्गासनी,
१७ एप्रिल

प्रिय काकू,

तुम्ही नको म्हटलेलं सगळं पहिल्या दिवशी केलं. घाईत मिक्सर लावला, सवयीनं झाकण ठेवलं. जे झालं ते आमच्या म्हशीनंही हुंगून सोडलं.

दुसऱ्या दिवशी मात्र जमला. मोकळा, पांढरा, दाणेदार. माझ्या सासूला, आत्याबाईंना, मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "मला काय बी ठावं न्हाई, पन आमटी जरा तिखट कर." मामंजी जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि थांबले.

"हे काय गं? भाताचा चुरा झाला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कणी आहे, मामंजी."

तुम्हाला ठाऊकच आहे, गिरणीत तांदूळ सडताना तुटतो तो चुरा म्हणजे कणी. इतकं बोलून गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण ते भातवाले! लगेच विचारलं, "कंच्या तांदळाची?" इंद्रायणी म्हणावं तर ती त्यांच्याच कणगीत आहे. मी फ्लॉवरचा फ म्हणून बसले होते, तो गिळता येईना. मी म्हणाले, "फ... फुलोरा. फुलोरा जातीची कणी. भोरहून जाहिदाकाकूंनी पाठवली. नवीन जात आहे, साखरेला चालते."

मामंजींनी मूठभर भात उचलून नाकाशी नेला. मी डोळे मिटले. ते म्हणाले, "वास झ्याक हाय." आणि पुन्हा वाढून घेतला!

काकू, मी जिंकले ना?

शिवानी

---

भोर,
२० एप्रिल

शिवानी,

जिंकलीस कसली? अगं, भात पिकवणाऱ्या माणसाला भाताची नवी जात सांगितलीस! शिंप्याला नवीन कापड सांगितल्यासारखं झालं. आता तो माप काढायला निघणार.

फ्लॉवर आणि पानं पाठवलीत, यापुढे दर खेपेला टेम्पोतून येतील. यापुढे त्यांनी काही विचारलं तर खोकला काढ आणि परसात जा.

जाहिदाकाकू

---

मार्गासनी,
२४ मे

प्रिय काकू,

खोकून खोकून घसा बसला. तुम्ही म्हणालात तसंच झालं.

आधी चांगलं सांगते. जखमेच्या कडा सुकायला लागल्यात. गोळ्या वेळेवर घेतात, ड्रेसिंग मी करते, आणि रोज दोन्ही वेळा कणी. डॉक्टर म्हणाले, साखर उतरतेय, असंच चालू राहू द्या. मामंजींनी घरी येताना एसटीत कंडक्टरला पाय दाखवला.

आता वाईट. त्यांनी पालापाचोळ्याचा राब भाजून रोपासाठी वाफे केले आणि एक वाफा मोकळा ठेवला. आमच्या ह्यांनी विचारलं, हा का रिकामा? तर म्हणाले, "फुलोऱ्याचं बी टाकायचंय." आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना सगळं ठाऊक आहे, पण बापापुढे हसता येत नाही म्हणून विहिरीवर जाऊन हसून आले.

शिवाय मामंजींनी पारावर भाषण दिलं. असा हलका भात आपण जन्मात खाल्ला नाही, पोटाला जड नाही, साखर उतरवतो, वास तर विचारू नका. आता गेनबाकाकांना बी हवंय, कोंडिबा आजोबांना हवंय. गेनबाकाका तर रोज येऊन विचारतात, "दादा, आपल्या रानात येईल का ओ फुलोरा?" आणि मामंजी ठासून सांगतात, "येनार की! म्या सांगतोय न्हवं?"

काकू, त्यांचा शब्द म्हणजे इथं तांदळाच्या बाबतीत शेवटचा. उद्या खरं कळलं तर गाव त्यांच्यावर हसेल, आणि ते माझ्याशी बोलणं सोडतील. चिडून पुन्हा भातावर बसले तर अंगठा जाईल, हे तर सगळ्यात वाईट.

आणि सर्वात महत्त्वाचं, परवा ते स्वतः भोरला येताहेत. तुमच्याकडे. बी मागायला! काहीही करा, पण त्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

शिवानी

---

भोर,
२७ मे

शिवानी बेटा,

सोनबाभाऊ आले. चहा घेतला, बिनसाखरेचा. बी यंदा बाजारात आलेलं नाही म्हणून सांगितलं. बरं म्हणाले आणि गेले.

बाकी काही झालं नाही.

ते आले तेव्हा मी फ्लॉवर किसत नव्हते. मी कांदा चिरत होते. म्हणून माझे डोळे लाल होते. हे झुल्फिकार तुला वेगळं काही सांगायला लागले तर लक्ष देऊ नकोस, त्यांना अलीकडे नीट दिसत नाही.

ते फार वेळ बसलेही नाहीत. बसले तसे थोडे. आमच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

पाऊस लवकर येणार म्हणतात.

जाहिदाकाकू

---

मार्गासनी,
१९ जून

प्रिय काकू,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कांद्याचं एवढं का लिहिलंत ते कळलं नाही, पण जीव भांड्यात पडला.

इकडे मात्र मामंजींचं काहीतरी बिनसलंय. भोरहून आल्यापासून फुलोऱ्याचं वेड दुप्पट झालंय. त्या रिकाम्या वाफ्यात मुकाट्यानं इंद्रायणीचं बी टाकलं, पण पारावर सांगितलं की फुलोरा सध्या सरकारी चाचणीत आहे, बाहेर बोलायचं नाही. गेनबाकाका चव बघायला दारात आले तर मामंजींनी ताट छातीशी धरलं. "रोग्याचं अन्न हाय, त्याला हात लावत न्हाईत!"

आणि मला छळतात. रोज वाढताना काहीतरी विचारतात. "आज कनी जरा जाड हाय का गं?" "भोरात ह्यो फुलोरा नदीकडच्या रानात पिकतो का वरच्या?" काल तर म्हणाले, "ह्येचा पेंढा कसला असतो? म्हशीला घालाय मागवू का?" माझ्या हातातली पळी पडली. आत्याबाई पदर तोंडाला लावून उठून गेल्या.

मला आता सोसवत नाही. इतक्या विश्वासानं जेवतात, आणि मी त्यांना फसवते. झोप लागत नाही. जखम जवळजवळ भरलीय. लावणीच्या आधी मी त्यांचे पाय धरून सगळं सांगून टाकणार आहे. बोलणं सोडलं तरी चालेल.

शिवानी

---

भोर,
२१ जून

शिवानी,

अजिबात सांगायचं नाही!

का ते विचारू नकोस. मी कुणाला तरी शब्द दिलाय. माझी एक जबान तुझ्यामुळे गेली, दुसरी तरी राहू दे. तू फक्त किसत राहा.

जाहिदाकाकू

---

मार्गासनी,
४ जुलै

जाहिदाबाय यांना मार्गासनीहून सोनबाचा रामराम.

(काकू, अक्षर माझं आहे, पण पत्र मामंजींचं. मला हाक मारून म्हणाले, "वही घे, जाहिदाबायला पत्र लिवायचंय." मला वाटलं फ्लॉवर, म्हणजे फुलोरा मागवायचा असेल. मी सांगतात तसं लिहितेय.)

पत्रास कारन की, डाक्टरनं काल पाय बघितला. जखम पार भरली. गमबूट घालून चिखलात जा म्हनला. परवा आमची लावनी हाय. पहिली मूठ मीच लावनार.

दुसरं असं, की तुमी दिलेला शबूद पाळलात, त्येचे लई उपकार. मी तुमच्या दारात आलो तवा तुमी परातीत फ्लावर किसत व्हता. कांदाबिंदा काय नव्हता.

(काकू!! माझा हात थांबला. मामंजी म्हणतात, "लिव्ह की, थांबलीस का?")

तुमच्या परातीतली कनी बघून माझ्या डोक्यात परकाश पडला. राग आला व्हता. घरला जाऊन ताट फेकावं असं वाटलं. मग तुमी इचारलंत, पाय कसा हाय? बघितला तर सुकत आलेला. म्हनलं, सोनबा, ताट फेकशील, पन अंगठा कुठनं आनशील?

(मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "ते बी लिव्ह.")

पोरीला सांगितलं न्हाई, कारन ती वाढताना जी घाबरायची ते बघाय मला लई मज्या यायची. त्या पेंढ्याच्या दिशी तर हसू दाबून दाबून माझं पोट दुखलं.

(माझी झोप उडाली होती, काकू! आणि हे दोघं, आत्याबाईसुद्धा, चुलीमागं हसत होते. लिहितेय, पण रागानं लिहितेय, हे तुम्हाला अक्षरावरून कळेल.)

आता खरी गोष्ट, जी मी निस्ती तुमाला सांगितली व्हती. माझं नाक गेलंय. दोन वर्सं झाली. तंबाखूनं का कशानं, देव जाने. आंबेमोहराचं पातेलं उगडलं तरी मला निस्ती वाफ लागती. लोकं मूठ आनत्यात, मी दाना बघून अंदाजानं सांगतो. फ्लावरला बी म्हनूनच फसलो. नाक असतं तर पहिल्याच घासाला पोरीला पकडली असती. म्या गावात सांगत न्हवतो, कारन मंग मला कोन इचारनार?

(मला फार वाईट वाटलं, काकू. रोज त्यांच्या कणीत तुमची पानं घालत होते आणि त्यांना त्यांचा वासच येत नव्हता.)

आता काम. गेनबानं पारावर जाहीर केलंय, लावनीच्या दिशी समद्यास्नी फुलोरा पायजे. तवा परवा पहाटच्या टेम्पोत दोन पोती फ्लावर धाडा. मटनाचा रस्सा आमी बगतो. म्या एकट्यानंच का फसायचं?

सोनबा

---

मार्गासनी,
८ जुलै

प्रिय काकू,

तुमच्यावर रुसायचं ठरवलं होतं, पण दोन पोती किसता किसता राग उतरला. आत्याबाई, मी आणि शेजारच्या बायका, सगळ्यांच्या बोटांची सालं निघाली. बायकांना मामंजींनी स्वतः शपथ घातली होती.

लावणी झाली. मामंजी गमबूट घालून खाचरात उतरले, पहिली मूठ लावली, आणि दुसऱ्या पावलाला बूट चिखलात रुतून बसला. आमच्या ह्यांनी तो उपटून काढला. मामंजी एका पायावर उभे राहून ओरडत होते, "अंगठा बघा, अंगठा! चिखल लागू देऊ नका!" सगळं खाचर हसत होतं.

दुपारी बांधावर पंगत बसली. रस्सा आणि फुलोरा. कोंडिबा आजोबा म्हणाले, तोंडात विरघळतो. दुसरे म्हणाले, नुसत्या वासानंच पोट भरतंय. गेनबाकाकांनी तीनदा घेतला आणि म्हणाले, "दादा, आता काय बी होवो, मला ह्येचं बी पायजे." काकू, त्या सगळ्यांची नाकं शाबूत आहेत! मामंजींनी चांगला म्हटलंय म्हणून एकानंही संशय घेतला नाही.

मग मामंजी उठले. म्हणाले, "गेनबा, बी देतो. पन त्ये खाचरात टाकू नगं, वांग्याशेजारी टाक. फ्लावर हाय त्यो."

आधी कुणाला कळेना. मग आत्याबाई हसल्या, आणि मग पंगतीत असा गोंधळ झाला की रस्सा सांडला. हसू थांबल्यावर मामंजी म्हणाले, "माज्या सुनेनं मला तीन म्हयनं ह्यो चारला, म्हनून आज म्या चिखलात उभा हाय." आणि लगेच, मान खाली घालून, "आनी अजून एक. माझं नाक गेलंय. हितनं फुडं तांदूळ हुंगवायचा तर शिवानीकडं आना. लग्नाच्या पहिल्या वर्सी म्याच तिला शिकिवलंय. मूठ तोंडाशी धरून उबवायची आन् मंग हुंगायची. तिचं नाक माझ्यापरीस बरं हाय."

काकू, मला तिथंच रडू आलं. तांदूळ हुंगायचा तो त्यांचा गावातला सगळ्यात मोठा मान, आणि तो त्यांनी पंगतीत सगळ्यांसमोर माझ्या ओंजळीत टाकला.

आज सकाळी गेनबाकाका आले. त्यांच्याकडे आज इर्जिक होती, तरी आधी आमच्या दारात. हातात पिशवी. थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाय, ह्यो आमचा आंबेमोहर. जरा बघ."

मी मूठ उबवली, हुंगली. पुन्हा हुंगली.

"गेनबाकाका," मी म्हणाले, "हा आंबेमोहर नाही. ही इंद्रायणी आहे."

गेनबाकाकांचा चेहरा पडला. "असं कसं म्हनतीस? मागल्या साली दादांनी ह्येलाच आंबेमोहर म्हनलं! त्याच्या आदल्या साली बी!"

ओसरीवर मामंजींचा चहा नाकात गेला. "शिवाने, आगं जरा हळू सांग की! तेवढी दोन वर्सं तरी झाकून ठेव!"

आणि हसत हसतच त्यांनी गमबूट चढवले आणि गेनबाकाकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांच्या खाचरात पहिली मूठ लावायला निघून गेले.

तुमची,
शिवानी